मत, कौल आणि पंचाईत

मराठीत आपण 'मत' म्हणतो तेव्हा त्यात मनातला विचारही येतो आणि पेटीत पडणारा कागदही येतो. तेलुगूत मात्र 'मतम्' म्हणजे धर्म. शेजारच्या अक्कांना आपण सहज विचारावे, "या बाबतीत तुमचे मत काय?" आणि त्यांनी चमकून आपल्याकडे पाहावे, असा प्रकार सीमाभागात संसार थाटलेल्या बहुतेक मराठी सुनांनी अनुभवला असेल. त्यांना विचारायचे असते ते 'अभिप्रायम्'. आपल्याकडे अभिप्राय म्हणजे वहीत शेवटी लिहितात तो चार ओळींचा शेरा. 'कौल' या शब्दाची गत याहून मजेची. आपण देवाला कौल लावतो, निवडणुकीनंतर जनतेचा कौल मान्य करतो. आणि इकडे 'कौलु रैतु' म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. 'पंचाईत' हा शब्द तर दोन्ही भाषांनी बिघडवला. आपल्याकडे पंचाईत म्हणजे अडचण, तेलंगणाच्या बोलीत 'पंचायिती' म्हणजे भांडण. पाच जणांनी बसून न्याय करायचा, या संस्थेच्या नावातून एका भाषेला अडचण मिळाली आणि दुसरीला भांडण. दोन्ही भाषांना अनुभव सारखाच आला असावा!

हे सारे आठवायचे कारण असे की गेले तीन महिने आमच्या कॉलनीत एका मतदानाची तयारी चालली आहे. सरकारी निवडणुकीची नव्हे. आमचे आम्ही ठरवलेले, आमच्यापुरते सार्वमत. त्यात माझ्याकडे आले ते प्रश्नाची शब्दरचना करण्याचे काम, कारण मी शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि प्रश्नपत्रिका काढण्याचा सराव असलेली बाई कॉलनीत दुसरी कोणी नाही.

मंचेरियल हे गाव ज्यांनी फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिले असेल, त्यांना बल्लारशाहून काझीपेठकडे जाताना लागणारे एक गजबजलेले स्टेशन एवढेच ते आठवेल. गोदावरीच्या काठचे हे गाव कोळशाच्या पट्ट्यात वाढले. श्रीरामपूर, मंदमर्री, बेल्लमपल्ली या सिंगरेणीच्या खाणी आसपास. १९५८ सालचा सिमेंट कारखाना गावातच. माझे सासरे त्या कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात वर्ध्याकडून इथे आले. मी १९७६ साली राजुऱ्याहून सून म्हणून आले. मी जन्मले तेव्हा राजुरा आणि मंचेरियल एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते, हैदराबाद राज्यात. मी दीड वर्षाची असताना, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. राजुरा मुंबई राज्यात गेले आणि पुढे महाराष्ट्रात आले, मंचेरियल आंध्र प्रदेशात राहिले. म्हणून माझे लग्न दोन राज्यांतले झाले, एरवी ते एका जिल्ह्यातले झाले असते. इथे आल्यावर मी घर बदलले नाही, पण पत्ता बदलत गेला. २०१४ साली राज्य तेलंगणा झाले, २०१६ साली मंचेरियल स्वतंत्र जिल्हा झाला, २०२५ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आंदोलने झाली, २०११ च्या संपात खाणी बंद पडल्या, निवडणुका झाल्या. पण 'तुम्हाला हे हवे की ते?' असा सरळ प्रश्न कागदावर छापून माझ्यापुढे कोणी ठेवल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे वयाच्या सत्तरीत असा प्रश्न लिहिण्याची पाळी माझ्यावरच आली, तेव्हा मला त्याचे अप्रूप वाटले.

प्रश्न आहे तो कॉलनीच्या मध्ये असलेल्या मोकळ्या जागेचा. साधारण अडीचशे घरे, त्यांच्या मधोमध हा तुकडा कॉलनीच्या आराखड्यात सार्वजनिक कामासाठी म्हणून राखलेला. दसऱ्याच्या आधी तिथे बतुकम्मा मांडतात. फुलांच्या उतरंडीभोवती बायका फेर धरतात. आपल्या भुलाबाईची आठवण मला तिथेच येते. एरवी पोरे क्रिकेट खेळतात. आता काही जणांना तिथे लग्नाकार्यासाठी सभागृह हवे आहे. काही जणांना ते मैदान आहे तसेच राहायला हवे आहे. आणि आम्हा वीस-बावीस मराठी घरांच्या मनात गेली कित्येक वर्षे एक वाचनालय आहे. आमच्या घरी एका कपाटात साडेतीनशे मराठी पुस्तके आहेत, कोणाकोणाच्या सासऱ्यांची, वडिलांची. त्यांना एक खोली मिळावी, सोबत तेलुगू आणि उर्दू पुस्तकेही यावीत, मुलांना अभ्यासाला जागा व्हावी, अशी ती इच्छा. मागण्या तीन, जागा एक. बैठकीत सूर चढू लागले, तेव्हा खाणीतून निवृत्त झालेल्या एका अण्णांनी सुचवले, "ओटु घ्या. मोकळे व्हा."

अण्णांना हे सुचणे स्वाभाविक होते. सिंगरेणीच्या कामगारांना मतदानाची सवय आहे. १९९८ पासून तिथे मान्यताप्राप्त कामगार संघटना गुप्त मतदानाने निवडली जाते. अगदी अलीकडची निवडणूक २७ डिसेंबर २०२३ रोजी झाली. त्यात संपूर्ण कंपनीसाठी एक संघटना जिंकली आणि काही विभागांत दुसरी. कामगाराने दोन वेगळ्या पातळ्यांवरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या. हे मला फार मोलाचे वाटले, कारण आमच्या पहिल्या मसुद्यात सगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले होते.

प्रश्न वेगळे करता येतात आणि लोक ते वेगळे ओळखतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मराठी माणसांच्या चांगलेच परिचयाचे आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर 'फूल', केंद्रशासित राहायचे असेल तर 'दोन पाने'. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावी अशी ही मतपत्रिका. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. अवघ्या ३४,०२१ मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. मराठी मनाला तो निकाल लागला, यात शंका नाही. पण पुढची गोष्ट आपण कमी सांगतो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. 'तुमचा प्रश्न आम्हाला मान्य नाही, पण कारभार तुम्हीच करा', असे गोवेकरांनी दोन वेगळ्या कागदांवर सांगितले. मतदार हा आपण समजतो त्यापेक्षा शहाणा असतो. प्रश्न विचारणारा शहाणा हवा.

मग आम्हीही चिन्हे ठरवली. आमच्या गल्लीत तेलुगू वाचणारे आहेत, उर्दू वाचणारे आहेत, हिंदी वाचणारे बिहारी कंत्राटी मजूर आहेत आणि देवनागरी वाचणारे आम्ही आहोत. तीन लिप्यांत कागद छापायचा म्हटले तर प्रश्नापेक्षा लिपी मोठी होते. म्हणून सभागृहाला मांडव, मैदानाला झाड आणि वाचनालयाला पुस्तक. कुठल्याही पक्षाचे चिन्ह त्यात डोकावू नये, याची काळजी घेतली. आठवीतल्या एका मुलीने चित्रे काढली. तिचे झाड फार देखणे आले, तेव्हा मांडववाल्यांनी तक्रार केली की झाडाला आपोआप मते जातील. ते काढून पुन्हा साधे झाड काढावे लागले!

यानंतर खरा वाद झाला तो मत कोणाला, यावर. काही घरमालकांचे म्हणणे, घरटी एक मत. भाडेकरू आज आहेत, उद्या नाहीत. त्यांनी जागेचे भवितव्य का ठरवावे? ऐकायला हे ठीक वाटते. पण घरटी एक मत म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचे मत, हे प्रत्येक बाईला कळते. बतुकम्माला जागा लागते ती बायकांना, आणि तिच्याविषयी मत देणार ते घरात बसून पेपर वाचणारे. मी त्यांना महाराष्ट्रातल्या बाटलीच्या मतदानाची गोष्ट सांगितली. तिथे २००८ साली निघालेल्या नियमानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूचे दुकान ठेवावे की नाही यावर गुप्त मतदान होते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. घरात दारूचा त्रास ज्यांना, त्यांचे मत मोजायचे, हा त्यामागचा सरळ विचार. पण त्यात एक कडक अट आहे: यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला न आलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूची ठरते. त्यामुळे अशा गावांत घरोघर जाऊन बायकांना बाहेर काढणे हेच खरे काम होऊन बसते. आमच्याकडे अखेर ठरले ते असे: अठरा वर्षांवरील प्रत्येकाला एक मत, भाडेकरूही त्यात आले, आणि निम्म्याहून कमी लोक आले तर निकाल जाहीर करायचा पण त्यावरून काही मागायचे नाही.

या सगळ्यात कायद्याचे बळ किती, हे आमच्यातल्या एका वकिलांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. शून्य. जागा सार्वजनिक आहे, निर्णय महानगरपालिकेचा. आमचा निकाल म्हणजे एक निवेदन, फक्त त्याला मोजणीचा आधार. पण आधाराला किंमत असते. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्यात पेण परिसरातल्या २२ गावांतील शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन देण्याविषयी मतदान केले. त्यालाही सार्वमताच्या कायद्याचा आधार नव्हता. पण शेतकऱ्यांना प्रत्यक्ष विचारले गेले, याची नोंद देशभर झाली. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटची खाण नाकारली. तिथे मात्र वनहक्काचा कायदा पाठीशी होता. आमच्या कोळसा पट्ट्यात खाणीसाठी लोकसुनावणी होते, तिला तेलुगूत 'प्रजाभिप्राय सेकरणा' असे भारदस्त नाव आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिथे माणसाला बोलता येते, बोललेले लिहून घेतले जाते. हात मोजले जात नाहीत. बोलणे आणि मोजणे या दोन्हींची गरज असते, हे आमच्या भागातल्या माणसाला कोणी वेगळे शिकवायला नको.

बोलण्यावरून गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची आठवण निघाली. आमच्या एका तरुण भाच्याने तिथे जाऊन पाहिले आहे. त्या गोंड गावात ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलत राहते. २००९ साली गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही वर्षानुवर्षांची बोलण्याची सवय होती. भाचा म्हणाला, "मामी, मतदान कशाला? आपणही तसेच बसू या." विचार चांगला, पण मेंढ्यात माणसे पिढ्यान् पिढ्या शेजारी आहेत. आमच्याकडे दर जूनमध्ये निम्मे भाडेकरू बदलतात. तरी त्याचे म्हणणे अर्धे मान्य केले. मतदानाआधी तीन संध्याकाळी मैदानावर सतरंज्या घालून बसायचे आणि प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूचे म्हणणे आधी नीट मांडून दाखवायचे, मग आपले बोलायचे. मांडववाल्यांना वाचनालयाची बाजू मांडताना ऐकणे, हा माझ्यासाठी या वर्षातला एक आनंदाचा प्रसंग ठरला.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र पुढेच होती. यादीत चौथा प्रश्न होता तो नाल्याचा. २०२२ च्या जुलैमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, राळ्ळवागूचे पाणी मागे फिरले आणि मंचेरियलच्या सखल वस्त्यांत शिरले. आमच्या खालच्या गल्लीतली चाळीसेक घरे त्यात सापडली. वरच्या गल्ल्या कोरड्या राहिल्या. कोणीतरी सरळपणे लिहिले होते: 'पहिला खर्च कशावर करावा? सभागृह की नाल्याची भिंत?' मी गणिताची बाई. चाळीस घरे विरुद्ध दोनशे दहा घरे, हा हिशेब मांडायला फळा लागत नाही. मतदान होण्याआधीच निकाल लागलेला होता. ज्याच्या घरात पाणी शिरते त्याने ते थांबावे की नाही, हे ज्याचे घर उंचावर आहे त्याने ठरवणे ही लोकशाही नव्हे. मी तो प्रश्न खोडला आणि सांगितले की नाल्याची मागणी सगळ्या कॉलनीची म्हणून वेगळी जाईल, सगळ्यांच्या सह्यांनी, मतदानाशिवाय. थोडी कुरकुर झाली. पण खालच्या गल्लीतल्या एका बाईने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

त्याच रात्री आमच्या मराठी घरांपैकी सर्वांत वडील असलेल्या काकू घरी आल्या. त्यांचे बोलणे नेहमीच थेट. त्या म्हणाल्या, "नाल्याचे तू बरोबर केलेस. मग आपल्या पुस्तकांचे काय? अडीचशेंत आपली घरे वीस. मतदान म्हणजे आपण नाही आहोत, हे आपल्याच हाताने लिहून द्यायचे. त्यापेक्षा विचारूच नये. न विचारलेला प्रश्न निदान हरत तरी नाही."

काकूंचे वय ऐंशीच्या आसपास. १९५६ साली त्या आठ-दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर सीमेपलीकडे गेले, सासर अलीकडे राहिले. आणि अशा वेळी थोडक्यांना कोणी विचारत नाही, हा त्यांचा जन्माचा अनुभव. जिवती आणि केरामेरीच्या मधली ती बारा-चौदा गावे आपल्या वाचकांना माहीत आहेतच. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे दोन रेशनकार्डे बाळगली, दोन राज्यांच्या याद्यांत नावे ठेवली, दोन्हीकडे मतदान केले. पण 'तुम्हाला कोणत्या राज्यात राहायचे आहे?' या एका प्रश्नावर सरकारने त्यांचे मतदान कधी घेतले नाही. काकूंच्या शंकेला असा आधार होता. तिला हसून उत्तर देण्यासारखे नव्हते.

मी त्या रात्री बराच विचार केला. घरात पाणी शिरणे ही गरज, तिच्यावर मत घेता येत नाही. मराठी पुस्तकांना खोली हवी, ही गरज की इच्छा? मला ती जिवाभावाची आहे. पण माझ्या घरातले कपाट कोणी मोडायला आलेले नाही, माझी भाषा बोलायला कोणी बंदी केलेली नाही. कोणी मराठी बोलू नये असा ठराव आणला असता, तर तो मतदानाला टाकायलाच मी नकार दिला असता, नाल्यासारखाच. सार्वजनिक जागेतली खोली मात्र मागायची गोष्ट आहे, आणि मागायची तर ज्यांच्याकडून मागायची त्यांच्या दारात जावे लागेल. वीस घरांना वीसच मते मिळतात, हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा आपण उरलेल्या दोनशे तीस दारांपर्यंत जात नाही.

सकाळी काकूंना हे सांगितले. त्या लगेच पटल्या नाहीत. "आणि हरलो तर?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "हरलो तर पुस्तके आमच्याच घरी राहतील, जशी आज आहेत. फक्त अडीचशे घरांना कळलेले असेल की इथे मराठी पुस्तके आहेत आणि वाचायला मिळतात." त्या गप्प राहिल्या. दुपारी त्यांनी आपल्या सुनेला माझ्याकडे पाठवले, तेलुगूत चार वाक्ये लिहून घ्यायला. सत्तर वर्षे त्या तेलुगू समजतात, बोलायचा संकोच. ती चार वाक्ये देवनागरीत लिहून घेऊन काकू आता रोज संध्याकाळी काठी टेकत तीन-तीन दारे करतात. एका दाराशी त्यांना समजले की त्या घरातल्या सुनेचे माहेर भैंशाचे आणि ती घरात मराठीच बोलते. दुसऱ्या दाराशी एका उर्दू शिक्षकांनी आपल्याकडची पन्नास पुस्तके द्यायची तयारी दाखवली. तिसऱ्या दाराशी त्यांना स्वच्छ सांगण्यात आले की आमचे मत मांडवाला, मुलीचे लग्न आहे. आणि वर चहा पाजून पाठवण्यात आले.

कार्तिक पौर्णिमा झाली की पुढच्या रविवारी मतदान ठेवले आहे. पेटी म्हणजे झाकणाला चीर पाडलेला तेलाचा डबा. मोजणीला चौघे: दोन वरच्या गल्लीतले, दोन खालच्या. मराठी घरातला एकही नाही, कारण वाचनालय जिंकले तर कोणी संशय घेऊ नये, आणि हरले तर आम्हालाही घेता येऊ नये. नाल्याच्या निवेदनावर आजवर दोनशेच्या वर सह्या झाल्या आहेत. वरच्या गल्लीतल्या ज्यांनी कुरकुर केली होती, त्यांच्याही आहेत. निकाल काय लागेल, ते मला ठाऊक नाही. सोमवारी सकाळी मात्र मांडव, झाड आणि पुस्तक या तिघांनाही दूध एकाच गाडीवरून घ्यायचे आहे.